मामाची वाट आणि पदराची गाठ

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का चुकतो, आणि काका का चुकत नाही, हे विचारलं की मोठी माणसं डोळे वटारायची. आता आम्ही वलगावचे माळी. पहाटे कोंबड्याच्याही आधी आमची भाजीची गाडी अमरावतीच्या बाजाराला निघायची, त्यामुळे दिवेलागण झाली की घरात सगळे आडवे. रात्री झोप आणि दिवसा मामा आडवा. मग माणसानं गोष्ट सांगायची तरी कधी?

माझ्या काकूनं यावर तोडगा काढला होता. गोष्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीनं पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. त्या गाठीत आपापल्या मामाची वाट बांधून ठेवलेली. गोष्ट संपली की गाठ सोडायची, मामा मोकळा. हा तोडगा तिला कुणी सांगितला असं विचारलं तर ती सरळ म्हणायची की कुणी नाही, मीच काढला. ती स्वतः मात्र गाठ मारत नसे. "माया मामा कवाचाच वर गेला. तो आता कोठची वाट चुकते?" असं म्हणून ती ऐसपैस मांडी घालायची.

आमची बैठक मळ्यात, विहिरीजवळ, तुरीच्या ओळींच्या अलीकडे. दुपारची भाकर झाली की उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या असत. चौघीजणी असायचो. काकू, माझी वहिनी, शेजारच्या मळ्यातली फुलांचे हार गुंफणारी शेजारीण आणि मी. हात जुड्यांत, कान काकूकडे. गड्यांना वाटायचं बायका काम करून राहिल्या. काम तर आम्ही करतच होतो. गोष्टीच्या दिवशी जुड्या जास्त व्हायच्या, हे माझ्या बाबांनाही माहीत होतं, म्हणून ते तिकडे फिरकत नसत.

काकूचं सांगणं म्हणजे सांगणंच. सुरुवातीला ती विचारायची, "ऐकता का झोपता?" आम्ही म्हणायचं, "ऐकतो." मग ती जुडी बांधायचा अंबाडीचा वाख उचलायची. जुडी हातात घेतली की गोष्ट चालू, वाखाला पीळ पडला की गोष्टीतही पीळ, आणि गाठ आवळायच्या क्षणी ती नेमकी थांबायची. राजाचं डोकं उडणार का राहणार, ते पुढची जुडी हातात आल्याशिवाय कळायचं नाही. जीव नुसता टांगणीला. शेवटी ती म्हणायची, "गोष्ट गेली पाटाच्या पाण्यानं, आपण राहिलो जुड्या बांधत," आणि आम्ही गाठी सोडायचो.

ती थांबली की हुंकारा द्यायचा, हा दुसरा नियम. "हूं." बस, एवढंच. पण तो वेळेवर यायला हवा. हुंकारा नाही आला तर काकू गोष्ट तिथंच टाकून द्यायची आणि मेथीत अळी किती पडली ते बोलायला लागायची. आमची शेजारीण एका कानानं अधू होती, त्यामुळे तिचा हुंकारा सगळ्यांच्या मागून, गाडीच्या मागे धावणाऱ्या वासरासारखा यायचा. काकू तिची वाट पाहायची. तो आल्याशिवाय पुढं जायची नाही. मला चीड यायची, पण काकू म्हणायची की जिला उशिरा ऐकू येतं तिच्याचसाठी गोष्ट सांगावी, बाकीच्यांना आपोआप पोचते.

मला गोष्ट सांगायची भारी हौस. दोन-चारदा मी सांगून पाहिली आणि काकूनं माझी पार रेवडी उडवली. "पाढे म्हणून राहिली का?" ती म्हणाली. "चोर घरात आणला अन् लगेच बाहेर काढला. त्याले जरा टेकू दे. पाणी पिऊ दे. त्याच्या कपाळावरचा घाम आमाले दिसला पायजे." मी फुरंगटून बसले. पण दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, शेणाच्या टोपलीजवळ, जिथं कुणी नसेल तिथं चोराला पाणी पाजायचा सराव सुरू केला. म्हशीला ऐकवलेल्या माझ्या गोष्टींचं पुस्तक झालं असतं. ती बिचारी हुंकाराही द्यायची, फार नाही, पण वेळेवर.

असं सगळं छान चाललेलं असताना माझा मामा स्थळ घेऊन आला.

मामाचं गाव तिवस्याच्या पलीकडे. आईचा एकुलता एक भाऊ, मिशा मोठ्या आणि मन त्याहून मोठं. एकदा नागपूरला जाऊन मध्यप्रांताच्या लाटसाहेबाची मोटार लांबून पाहून आला होता, तेव्हापासून रस्ते आणि गाड्या या विषयात त्याला कुणी काही सांगायची सोय राहिली नव्हती. त्यानं आणलेलं स्थळ अकोल्याचं. मुलाचा बाप कापसाचा अडत्या, घर दगडी, आणि घराची एक कीर्ती. त्या घरच्या बाईचा आवाज म्हणे आजवर उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. मामा हे असं सांगत होता जसं काही उंबरा सोन्याचा आहे. वर म्हणाला, "म्या बी सांगून देलं, आमच्या भाचीच्या तोंडात जीभ हाय का नाई हे मलेच ठाऊक नाई."

काकू तेव्हा ओसरीवर लसूण सोलत होती. तिला असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं.

मला मात्र हसू आलं नाही. मी घाबरले. हुंड्याची, कामाची, परक्या घराची भीती सगळ्याच पोरींना असते, ती नव्हे. मला वाटलं, त्या दगडी घरात मी जन्मभर मुकी बसणार. चोराला पाणी पाजायचं जे आता कुठं जमायला लागलं होतं ते तिथं कुणाला सांगणार? मी आईच्या मागे मागे फिरले. आई म्हणाली, दादानं शब्द दिला आहे, त्याला मी एकटीच बहीण. बाबा म्हणाले, मामानं आणलेलं स्थळ परत पाठवलं तर तुझ्या आईचं माहेर तुटेल. दोघंही चुकीचं बोलत नव्हते, म्हणून मला जास्त राग आला.

तेव्हा काकूनं मला मळ्यात नेलं आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणे घेऊन कोण येणार?"

मी म्हटलं, मामा.

"कवा येणार?"

म्हटलं, परवा दुपारी.

काकू माझ्या पदराच्या टोकाकडे पाहत राहिली. मग मलाही उजाडलं. ज्या मामाला आम्ही इतकी वर्षं गाठीत सांभाळून ठेवलं होतं, त्याची गाठच मारायची नाही. दुपारभर गोष्ट सांगायची आणि मामाला चुकू द्यायचं. पहिल्याच पाहणीला वाट चुकली म्हणजे अपशकुन. अकोल्याची माणसं शकुन फार मानतात, असं मामाच म्हणाला होता. आईच्या भावाचा शब्द बायकांनी मोडला असं कुणी म्हणायला नको, तो आपला रस्त्यातच सांडला. फक्त एक अट होती. जिचा मामा, तिनंच गोष्ट सांगायची. नाहीतर वहिनीचा मामा भलतीकडे जायचा आणि तो बिचारा आधीच गुडघ्यानं अधू.

ठरलेल्या दिवशी सकाळीच मामानं आमची रेंगी, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, जुंपली. बाबा गडी देत होते, पण मामाला गडी कशाला? पाव्हणे अमरावतीला आगगाडीनं उतरणार, तिथं मामाच्या एका ओळखीच्या घरी जेवण, आणि उन्हं कलायच्या आत वलगाव. आईनं मला हिरवं लुगडं नेसवलं, नथ घातली, आणि तोंड मिटून बसायची तालीम घेतली. तेवढ्यात काकू आली. वेणीला शेवंती ताजी पाहिजे, मी हिला मळ्यातून घेऊन येते, म्हणाली. शेवंती दारातही होती. आईनं एकदा माझ्या पदराच्या टोकाकडे पाहिलं, एकदा काकूकडे. "लवकर या," म्हणाली. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा मागून पुन्हा तिचा आवाज आला, जरा हळू. "सावकाश या."

मळ्यात वहिनी आणि शेजारीण आधीच मेथीच्या ढिगाशी बसलेल्या. त्यांनी आपापल्या गाठी घट्ट मारून घेतल्या होत्या. वहिनीनं तर दोन मारल्या, कारण काही सांगता येत नाही. मी नथ काढून चोळीत खोचली, हिरव्या लुगड्याचा ओचा वर घेतला आणि जुडी हातात धरली. आज काकू ऐकणाऱ्यांत बसली होती.

"ऐकता का झोपता?" मी विचारलं.

"ऐकतो," तिघी म्हणाल्या.

मी सांगायला घेतलं. एक होता गृहस्थ. त्याचं देवाजवळ एकच मागणं होतं, बोलणारी बायको नको. देवानं दिली तशी. देखणी, कामाला वाघीण, आणि तोंडातून शब्द नाही. गृहस्थ गावभर मिरवायचा की माझं घर बघा, कसं देवळासारखं शांत. मी वाखाला पीळ देत होते आणि तिघींचे हुंकारे येत होते. आधी काकूचा, मग वहिनीचा, मग शेजारणीचा. एके दिवशी भरदुपारी त्या घरात चोर शिरला. मी त्याला दारात उभा केला. घाम पुसू दिला. बाई सुपात तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं. चोराच्या काळजात धस्स झालं. पण बाई काही बोलेना. चोरानं पाणी मागितलं, तिनं दिलं. तो पाणी प्यायला. काकूच्या डोळ्यांत मला दिसलं की चोर बरोबर पाणी पितो आहे. मग त्यानं भांडी नेली. गोठ्यातली गाय नेली. खाट नेली. शेवटी घराचं दार उपसून डोक्यावर घेतलं आणि निघाला. आणि संध्याकाळी गृहस्थ घरी आला, तर घराला दारच नाही.

मी जुडीची गाठ आवळली आणि थांबले.

काकूचा हुंकारा आला. वहिनीचा आला. शेजारणीचा, उशिरा, आला. आणि त्याच्याही नंतर, तुरीच्या ओळींमागून, आणखी एक आला.

आम्ही चौघी एकमेकींकडे पाहत राहिलो. वहिनीनं पदरातल्या दोन्ही गाठी मुठीत धरल्या. काकू उठली आणि तिनं तूर बाजूला सारली.

पलीकडे आमची रेंगी उभी होती. आमचेच बैल पाटाच्या पाण्यात तोंड घालून निवांत पाणी पीत होते. पुढं मामा, कासरा मांडीवर, तोंड उघडं, गाढ झोपलेला. त्याच्या मागे लोडासारखे टेकलेले एक जाडजूड पाव्हणे, म्हणजे मुलाचे वडील, फेटा डोळ्यांवर घसरलेला. आणि सगळ्यात मागे, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, एक वयस्क बाई. ती जागी होती. तिचा कान आमच्याकडे होता.

झालं होतं ते असं. अमरावतीच्या घरी पाहुणचार म्हणून गोवरीवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. ते खाऊन ज्याला झोप येत नाही तो वऱ्हाडी नव्हे. मामाला वाटलं बैलांना वाट पाठ आहे. पाठ होतीच. बाजारातून परतले की ते रोज आधी मळ्यात पाण्यावर येत आणि मग घरी जात. बैलांना काय माहीत की आज गाडीत रिकाम्या टोपल्या नाहीत, पाव्हणे आहेत.

गाडी थांबल्यानं पाव्हण्यांना जाग आली. त्यांनी मामाला हलवलं. मामा "आलं का गाव?" म्हणत उठला आणि समोर पाहतो तो मी, ओचा खोचलेली, मांडीवर मेथी. त्याचा चेहरा पाहून मला त्याची कीव आली, खरंच आली. काकू गंभीरपणे म्हणाली, "वाट चुकली वाट्टे तुमची."

पाव्हणे मामाला काही बोलले नाहीत. ते बायकोवर घसरले. "तू तं जागी होती. गाव तिकडं दिसून राहिलं होतं, हा झोपला होता. मंग बोलली काहून नाई?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला. मान खाली. तेवढ्यात मामा सावरला. तो हसत म्हणाला, इथं गोष्टी सांगते ती हिची काकू, तिला सवयच आहे, भाची माझी बोलतच नाही. असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी होती. काकूनं हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, आणि मला फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं. काकू हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं ते माझ्यावर सोडलं. मला वाटलं, आता गप्प बसले तर कायमची बसले.

ती बाई गाडीतून उतरली. पदर जरा मागे सारला आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग काय झालं वं पोरी? तो घरी आला, मंग?"

तिच्या नवऱ्यानं अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं जसं काही गाडीचं चाक बोललं.

मी दुसरी जुडी उचलली. घाई केली नाही. म्हटलं, गृहस्थ घरी आला. त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, भांडी गेली, गाय गेली, खाट गेली, दार गेलं, तू डोळ्यांनी पाहत होतीस, मग बोलली का नाहीस? मी वाखाला पीळ दिला. थांबले. तिचा हुंकारा येईपर्यंत थांबले.

"हूं," ती म्हणाली.

"तं बाई म्हणते, लगन झाल्यापासून आज पयल्या डाव मले काई इचारलं तुमी."

ती हसली. आधी पदराआड, मग पदर सुटला तरी हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसण्याचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मग ती नवऱ्याकडे वळली.

"ही पोरगी आपल्या घरी आणू नका."

पाव्हणे म्हणाले की मीही तेच म्हणतो, ही तर बोलते.

"त्याच्यासाठी नाई म्हणत मी. इचं बोलणं आपल्या घरी मरून जाईन. मी गप बसली, तेवढं पुरे झालं."

शेजारणीनं वहिनीला विचारलं, काय म्हणाली ती? वहिनीनं तिच्या चांगल्या कानात सांगितलं, आणि मग शेजारणीनंही डोळ्याला पदर लावला.

पाव्हणे आमच्या घरी आले, गुळाचा चहा घेतला, शकुन बरा झाला नाही असं म्हणाले आणि गेले. आईच्या माहेराला धक्का लागला नाही. आई दुःखी दिसायचा पुष्कळ प्रयत्न करत होती. मामानं मात्र आपण झोपलो होतो हे मरेपर्यंत कबूल केलं नाही. बायकांनी दिवसा गोष्ट सांगितली म्हणून आपण चुकलो, नाहीतर नागपूरपर्यंत डोळे मिटून जाऊ, हे तो प्रत्येक लग्नात पंगतीला सांगायचा. त्यामुळे झालं काय, की पंचक्रोशीत काकूचं नाव झालं. नको असलेली पाहणी आली की पोरी भाजी घ्यायच्या निमित्तानं मळ्यात यायच्या. काकू त्यांना आधी एकच विचारायची, "मामा हाय का?" नसला तर ती हळहळायची, काही उपाय नाही म्हणायची.

मला पुढं अमरावतीतलंच घर मिळालं, बडबडं, एकाच वेळी चारजण बोलणारं. बाजारातून परतणाऱ्या आमच्या गाडीत बसलं की मळा. मी जुड्या बांधायला येत राहिले.

त्यानंतरच्या नवरात्रात, दुपारच्या वेळी, तुरीच्या बाजूनं कुणीतरी आलं. अकोल्याची ती बाई. देवीच्या दर्शनाला घरची माणसं अमरावतीला आली होती आणि ही त्यांच्यातून निघून एका भाजीच्या गाडीत बसून इथवर आली होती. घरचे शोधतील, असं वहिनी म्हणाली. ती म्हणाली, "शोधू द्या. सांगीन वाट चुकली."

काकूनं सरकून तिला जागा दिली. मेथीचा ढीग तिच्यापुढे लोटला, वाख दिला. मग नेहमीसारखं विचारलं नाही. वेगळंच विचारलं.

"ऐकता का सांगता?"

तिनं जुडी उचलली. बोटांत वाख नीट धरता येत नव्हता, सवय नव्हती. बराच वेळ ती जुडीकडेच बघत बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पण मले येते का नाई, पाहा बापा."

काकूनं हूं म्हटलं. वहिनीनं म्हटलं, मी म्हटलं. ती तोंड उघडून थांबली, शेजारणीकडे पाहत. शेजारणीचा हुंकारा नेहमीसारखा उशिरा आला, आणि मग तिनं सुरू केलं.